आजारी जनावराची किंमत



गोठ्यातलं जनावर आजारी पडलं की मालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. ते बरं कसं होईल, हा पहिला. दुसरा सहसा कुणी मोठ्यानं विचारत नाही: बरं व्हायची आशा नसेल, तर मरायच्या आत त्याचे चार पैसे कसे होतील? ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी शेतकऱ्याच्या घरातले होते. त्यामुळे हा दुसरा प्रश्न या व्यासपीठावर मांडायला मला संकोच वाटत नाही. पशुवैद्यक म्हणून माझी सगळी नोकरी या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत गेली. तिथून मला जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो. आजारी जनावराला बाजारात जोवर किंमत आहे, तोवर ते कुणाच्या ना कुणाच्या ताटात जातंच. आणि ती किंमत नाहीशी करायची, तर मालकाचं नुकसान आणखी कुणीतरी वाटून घ्यावं लागतं. कायदा हवा, तपासणी हवी, शिक्का हवा. पण हा हिशोब न मिटवता केलेला कायदा कसा वागतो, ते अमेरिकेतल्या एका कत्तलखान्यानं जगाला दाखवलं आहे.

कॅलिफोर्नियात चिनो नावाचं गाव आहे. तिथे हॉलमार्क-वेस्टलँड ही कंपनी मुख्यतः डेअरीतून काढून टाकलेल्या गायी कापायची. भरपूर दूध देणारी गाय काही वेतांतच थकते. खुरं बिघडलेली, कास सुजलेली, हाडं वर आलेली अशी ती ट्रकमधून उतरते. २००७ च्या अखेरीस ह्युमेन सोसायटी या प्राणिरक्षण संघटनेचा एक कार्यकर्ता तिथे मजूर म्हणून कामाला लागला आणि त्यानं गुपचूप चित्रण केलं. ३० जानेवारी २००८ ला ते लोकांसमोर आलं. उठू न शकणाऱ्या गायींना फोर्कलिफ्टनं ढकलत होते, पायाला साखळी बांधून ओढत होते, विजेचे झटके देत होते, नाकातोंडात पाण्याचा जोरदार फवारा सोडत होते. हे सगळं कशासाठी? तिनं उठून चार पावलं चालावं म्हणून. चार पावलं चालली तर तिचे पैसे होत होते. बसून राहिली तर तिची विल्हेवाट लावण्याचा खर्च अंगावर येत होता.

त्या कत्तलखान्यात सरकारी पशुवैद्यक नव्हता असं समजू नका. होता, रोज होता. पण त्याच्या फेऱ्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांना पाठ होत्या. नियमही होता. २३ डिसेंबर २००३ ला वॉशिंग्टन राज्यात ‘मॅड काऊ’ या गायींच्या मेंदूच्या रोगाची अमेरिकेतली पहिली गाय सापडली. ती गाय ९ डिसेंबरलाच कापली गेली होती. निदान हाती येईपर्यंत तिचं मांस बाजारात पोचलं होतं. मग ३० डिसेंबरला अमेरिकेच्या कृषी खात्यानं जाहीर केलं, की स्वतःच्या पायावर उभं राहू न शकणारं गाय-बैलांतलं जनावर माणसाच्या अन्नात जाणार नाही. पुढे त्या नियमात एक फट राहिली. तपासणीत पास झालेली गाय नंतर बसली, तर डॉक्टरला पुन्हा बोलवायचं आणि त्याच्या निर्णयानं पुढे जायचं. चिनोमध्ये अशा बसलेल्या गायी डॉक्टरला पुन्हा न दाखवताच आत जात होत्या. १७ फेब्रुवारी २००८ ला कंपनीनं १४ कोटी ३० लाख पौंड, म्हणजे साधारण साडेसहा कोटी किलो मांस परत मागवलं. दोन वर्षांचं उत्पादन होतं ते, आणि त्यातलं बहुतेक खाऊन संपलं होतं. त्या मांसानं कुणी आजारी पडल्याचं सिद्ध झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण त्यातलं कोट्यवधी पौंड मांस शाळांच्या सरकारी जेवणात गेलं होतं. ती फट बुजायला २००९ साल उजाडलं.

आता कुणी विचारेल, गाय उठत नाही एवढ्यावरून ती खाण्यालायक नाही असं कसं ठरवता? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी गोठ्यातून देतो. संकरित गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी बसली, असा निरोप आमच्याकडे नेहमी येतो. जाऊन पाहावं तर गाय मान कुशीकडे वळवून पडलेली असते. कान हाताला गार लागतात. एरवी ओलसर असणारं नाक कोरडं पडलेलं असतं. डोळे विझल्यासारखे. दुधात कॅल्शियम इतकं गेलेलं असतं की रक्तात उरत नाही. मानेच्या शिरेतून कॅल्शियमचं सलाईन सोडायचं, तेही अगदी हळू, कारण घाई केली तर हृदय थांबतं. एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं छातीला स्टेथोस्कोप लावून बसायचं. निम्मी बाटली गेली की अंगावरच्या स्नायूंना कंप सुटतो, गाय ढेकर देते, नाकावर दवासारखे थेंब येतात, शेण टाकते. घरातली म्हातारी तेवढ्यानंच हात जोडते. थोड्या वेळानं गाय मागचे पाय गोळा करते आणि उभी राहते. माझ्या नोकरीत याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशानं दिला नाही.

पण प्रत्येक बसलेली गाय अशी नसते. एखादी सिमेंटच्या कोब्यावर घसरून खुब्यातून निखळलेली असते. एखादीच्या वासराला ओढून काढताना कंबरेतली नस चेंगरलेली असते. एखादीच्या कासेतल्या दगडीचं विष सगळ्या अंगात भिनलेलं असतं. आणि एखादीच्या मेंदूतच रोग असतो. वरून पाहणाऱ्याला चारही सारख्याच दिसतात: न उठणारी गाय. कत्तलखान्याच्या रांगेत उभ्या डॉक्टरला त्यातली कोणती कुठली हे ठरवायला ना रक्ताचा रिपोर्ट मिळतो ना वेळ. आपल्याकडच्या २००१ च्या कत्तलखाना नियमांत पशुवैद्यकानं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असं लिहिलं आहे. म्हणजे जनावरामागे पाच मिनिटं. तेवढ्यात समोरून पाहायचं, बाजूनं पाहायचं, श्वास मोजायचा, चालवून बघायचं. चालवून बघणं ही त्या पाच मिनिटांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. जे चालूच शकत नाही त्याच्याबद्दल डॉक्टरची नजर निम्मी आंधळी होते. शिवाय शेणामुतात तासन्‌तास पडलेल्या जनावराच्या कातडीवर ई-कोलाय, साल्मोनेला असे जंतू थापलेले असतात. सोलताना ते मांसाला लागतात. म्हणून शंका आली की बाहेर, हाच शहाणपणाचा नियम.

आणि नजर पुरत नाही हे ब्रिटननं फार मोठी किंमत मोजून शिकवलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या सरकारी प्रयोगशाळेत ‘मॅड काऊ’ हा गायींच्या मेंदूचा नवा रोग ओळखला गेला. मेलेल्या आणि कापलेल्या जनावरांचे अवशेष वितळवून, दळून त्याचा चुरा गायींच्याच खुराकात मिसळत होते. गवत खाणाऱ्या जनावराला त्याच्याच जातीचं मांस चारत होते, प्रथिनं स्वस्त पडतात म्हणून. जुलै १९८८ मध्ये त्या खुराकावर बंदी आली. पण रोग अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण पाच वर्षं लागतात. म्हणजे धडधाकट दिसणाऱ्या हजारो गायी आतून बाधित होत्या आणि चालत-चालत कत्तलखान्यात जात होत्या. या रोगाचं कारण विषाणू नाही, जीवाणूही नाही; प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन आहे, आणि शिजवल्यानं ते मरत नाही. म्हणून नोव्हेंबर १९८९ मध्ये निरोगी गायींचाही मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा वगैरे भाग माणसाच्या अन्नातून काढायचा नियम केला. तरीही मणक्याला चिकटलेलं मांस यंत्रानं खरवडून काढून स्वस्त पदार्थांत घालणं डिसेंबर १९९५ पर्यंत चालू राहिलं. मे १९९० मध्ये तिथल्या कृषिमंत्र्यांनी आपल्या लहान मुलीपुढे कॅमेऱ्यासमोर बर्गर धरून बीफ सुरक्षित असल्याचं सांगितलं. २० मार्च १९९६ ला आरोग्यमंत्र्यांना संसदेत सांगावं लागलं, की माणसांत आढळलेल्या मेंदूच्या नव्या रोगाचा संबंध बहुधा याच गायींशी आहे. त्या रोगानं ब्रिटनमध्ये पावणेदोनशेहून अधिक माणसं दगावली. त्यांतली कितीतरी ऐन तारुण्यातली होती.

या सगळ्या कहाणीतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो क्वचितच सांगितला जातो. ऑगस्ट १९८८ पासून ब्रिटिश सरकार रोगट गाय ताब्यात घेऊन मारू लागलं, तेव्हा रोग सिद्ध झाला तर मालकाला निम्मीच किंमत मिळायची. गाय अडखळायला लागली, दचकायला लागली, की शेतकऱ्यापुढे दोन रस्ते होते. सरकारला कळवून निम्मे पैसे घ्यायचे, किंवा लक्षणं ठळक व्हायच्या आत बाजार गाठून पूर्ण घ्यायचे. यावर टीका झाली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये भरपाई पूर्ण केली गेली. त्या निम्म्या किमतीत सरकारनं वाचवलेले पैसे किती, आणि १९९६ नंतर लाखो गायी मारून जाळताना खर्च झालेले किती! त्या मधल्या दीड वर्षात शेतकऱ्याला प्रामाणिकपणाचा दंड भरावा लागत होता.

हे झालं दूरचं. आपल्या मातीत हा प्रश्न त्याहून जुना आहे आणि त्याला जातीचा डाग आहे. गावात ढोर मेलं की ते ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर लादलं होतं, त्यांच्याच वाट्याला त्याचं मांसही यायचं. रोगानं मेलं की म्हातारपणानं, हे विचारायची सोय नव्हती. उपाशी माणसाला तपासणीचा अधिकार कुणी दिला नव्हता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडून द्या असं आवाहन केलं. चवदार तळ्याचं पाणी आपण आठवतो, आठवायलाच हवं. पण त्याच परिषदेतलं हे आवाहनही माझ्या दृष्टीनं सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलं मोठं पान आहे. लोकांनी ते ऐकलं, गावोगाव ढोरं ओढायचं थांबवलं, आणि त्याबद्दल बहिष्कार सोसले. आजारी जनावर खाण्याची सक्ती ज्याच्यावर होती त्यानं स्वतः ती झुगारली. आमच्या पशुवैद्यकीच्या पुस्तकांत याची नोंद असायला हवी होती.

उतरंड मात्र अजून आहे. चिनोचं मांस शाळेतल्या मुलांच्या ताटात गेलं, ब्रिटनचं मणक्यावरचं खरवडलेलं मांस स्वस्तातल्या बर्गरमध्ये गेलं. आपल्याकडे शेळी अचानक आजारी पडली, किंवा गाडीखाली आली, की मरायच्या आत सुरी फिरवून वाटे घालतात. दुकानातल्या भावाच्या निम्म्यानं वाटा मिळतो, म्हणून वस्तीवरच्या गरीब घरांत तो आधी जातो. घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. विकणाराही बहुधा तितकाच गरीब असतो. त्याच्या चार शेळ्यांतली एक गेलेली असते.

यात सगळ्यात भयंकर रोग काळपुळी. चरायला गेलेलं धडधाकट जनावर अचानक कोसळतं, नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही. अशा जनावराला सुरी लावायचीच नाही, शवविच्छेदनासाठीसुद्धा नाही. हवा लागली की जंतू कवच धरतो आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतो. खोल खड्डा, भरपूर चुना, आणि पशुवैद्यकाला निरोप. ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यात अशी मेलेली जनावरं कापून खाल्ल्यानं माणसांत पुन्हा पुन्हा साथी झाल्या आहेत. तिथल्या आदिवासी घरांना काय सांगायचं? खाऊ नका, एवढंच सांगून आपण मोकळे होणार का?

पण महाराष्ट्रात आजारी जनावर घरोघरी पोचतं ते मांसातून कमी आणि दुधातून जास्त. गायीला दगडी झाली, कासेचा एक सड दगडासारखा घट्ट झाला, दुधात गाठी आल्या, की आम्ही सडातून आणि शिरेतून प्रतिजैविक देतो. त्याचा अंश दुधात उतरतो. २०१२ पासून औषधांच्या नियमांत अशी तरतूद आहे, की औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये हे छापलं पाहिजे. आणि त्या औषधापुरता तसा अभ्यास झालेला नसेल तर दुधासाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरायचे. आता एखाद्या घराचा विचार करा. दोन गायी, त्यातली एक दिवसाला पंधरा लिटर देणारी, आणि तीच आजारी. मी सांगतो, सात दिवस दूध ओता. मालक मला म्हणतो, “डॉक्टर, सात दिवसांचं दूध ओतलं तर दहा तारखेचा हप्ता तुम्ही भरणार का?” या प्रश्नाला माझ्याकडे कधीच उत्तर नव्हतं. ते दूध संध्याकाळी संकलन केंद्रावर जातं, शंभर घरांच्या दुधात मिसळतं, आणि मग कुणाचं कोणतं हे देवालाही सांगता यायचं नाही. तापवल्यानं क्षय आणि ब्रुसेल्लाचे जंतू मरतात, औषध मात्र बव्हंशी तसंच राहतं. घरातल्या बाईला त्याचा पत्ता लागतो तो विरजण लागत नाही तेव्हा. दह्याचे जंतूही त्या औषधानं मरतात. मोठ्या डेअऱ्या टँकरची तपासणी करतात, पण तोवर दूध एक झालेलं असतं. तपासणी हवी ती गावातल्या कॅनपाशी.

नुकसान वाटून घेतलं की काय होतं, हेही आपल्याच राज्यानं पाहिलं आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. १८ फेब्रुवारीला जाहीर झालं आणि आमची माणसं अंगभर पांढरे झगे, चष्मे, मास्क चढवून, आधी औषधाच्या गोळ्या घेऊन शेडमध्ये शिरली. फेब्रुवारीतली दुपार, प्लॅस्टिकच्या झग्यात घामाच्या धारा, आणि हातानं एकेक कोंबडी. लाखो कोंबड्या मारून चुन्याच्या खड्ड्यांत पुरल्या, अंडी पुरली, खुराक पुरला. मालकांना सरकारनं पक्ष्यामागे भरपाई दिली. ती पुरेशी होती असं मी म्हणत नाही. कित्येकांचा धंदा उठला. पण पोलिसांच्या जोरावर एवढे पक्षी हाती आले नसते. नवापुरात एकाही माणसाला लागण झाली नाही, आणि तिथला रोग आटोक्यात आला. २०२२ मध्ये गुरांचा लंपी रोग आला तेव्हाही सरकारनं मोफत लस दिली आणि दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार रुपये ठरवले. लंपी माणसाला होत नाही. तरी मालकानं रोग लपवण्याऐवजी दवाखान्यात फोन करावा, ही सवय त्या रकमेनं लागली, आणि माझ्या मते तो तिचा सगळ्यात मोठा उपयोग होता.

मोठ्या साथीत आपण हे करतो. एका घरातल्या एका गायीच्या आजारात करत नाही, कारण ती बातमी नसते. म्हणून माझी सूचना साधी आहे. दूध संघांनी प्रत्येक लिटरमागे काही पैसे बाजूला काढावेत. पशुवैद्यकानं उपचाराच्या कागदावर औषध, तारीख आणि दूध बंद ठेवायचे दिवस लिहावेत, गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर टाकावा. त्या दिवसांचं दूध संकलन केंद्रानं घेऊ नये, पण त्याचे पैसे त्या निधीतून सभासदाला द्यावेत. शेळी-मेंढीसाठी ग्रामपंचायतीनं पुरण्याची जागा ठरवून द्यावी आणि आजारानं मेलेली शेळी पुरणाऱ्याला तिच्या किमतीचा काही भाग मिळावा.

लोक फसवतील, हा आक्षेप मला दर वेळी ऐकवला जातो. काही जण फसवतील. निरोगी गायीच्या नावावर आठवड्याचे पैसे मागतील. पण कागद डॉक्टरचा आहे, नंबर कानात आहे आणि त्या गायीचं रोजचं दूध केंद्राच्या वहीत आधीच लिहिलेलं आहे. चोरी पकडायला एवढं पुरतं. आणि थोडी फसवणूक झालीच, तर तिचा खर्च आज आपण मुलांच्या पोटात जे उतरवतो आहोत त्याहून जास्त नाही.

सहकारी दूध संघांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. या सभागृहात निम्म्याहून अधिक लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सभासद आहेत. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे, एका पानाचा आहे. त्यातल्या लिटरमागच्या पैशाची जागा मी कोरी ठेवली आहे, ती प्रत्येक संघानं आपल्या हिशोबानं भरावी. प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत.